डॉक्टर रेकाल्दे यांचा शोध

शाळा उघडायच्या आधीचे काही आठवडे नेलिदा आर्गान्याराझच्या अंगणात पांढऱ्या डगल्यांची रांगच्या रांग वाळत असायची. अर्जेंटिनातल्या तुकुमान शहरात रेल्वे फाटकापलीकडच्या त्या वस्तीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे डगले तीच शिवायची. प्रत्येक पोराची आई येऊन एकच सांगायची, "जरा वाढत्या अंगाचा शिव गं, नेली." आणि नेलीचंही उत्तर ठरलेलं असायचं, "शिवते की. तू पोराला पोटभर जेवायला घाल म्हणजे झालं."

नेलिदाची स्वतःची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती. मुलं मोठी होऊन दक्षिणेकडे कामाला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा ती रात्रशाळेत जाऊन बसली. तिथून पास झाली आणि कुणाला काही कळायच्या आत विद्यापीठात इतिहासाला नाव घालून आली. तिचा नवरा सेगुंदो शहर बस चालवायचा. तो म्हणाला, "इतिहास? वीस वर्षांपूर्वी मी काय बोललो ते तुला तोंडपाठ आहे. आणखी कसला इतिहास शिकायचाय, म्हातारे?"

ती ठेंगणी, भरल्या अंगाची, केस मागे घट्ट बांधलेली अशी होती. शिवताना ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे तिला ओठ न हलवता बोलता यायचं. वर्गात मागच्या बाकावरून ती असा काही शेरा मारायची की पोरं खदखदून हसायची आणि कोण बोललं ते प्राध्यापकांना शेवटपर्यंत कळायचं नाही. पोरं तिला 'नेली मावशी' म्हणायची.

अभ्यास ती इतरांसारखाच करायची, म्हणजे झेरॉक्सवर. जिन्याखाली तुचोचं दुकान होतं. प्राध्यापक आपापल्या विषयाची पानं तिथे एका फोल्डरमध्ये ठेवायचे, फोल्डरला नंबर असायचा, आणि मुलं नंबर सांगून प्रत काढून न्यायची. "अठ्ठावीस वाचलास का?" "नाही रे, अजून एकवीसच चाललाय." ते कुणी लिहिलंय, कुठल्या पुस्तकातलं आहे, हे विचारायची रीतच नव्हती. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत असं करत अक्षरं फुगलेली, समास काळाकुट्ट, आणि एका फोल्डरमध्ये तर कधीकाळी पान दाबून धरणाऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याचाही झेरॉक्स होता.

दुसऱ्या वर्षाला असताना नेलिदाच्या हाती सतरा नंबर आला. थोडीशीच पानं, ना सुरुवात ना शेवट. पण ती वाचताना तिनं बसथांब्यावर दोन बस सोडल्या. त्यातली एक खुद्द सेगुंदोची होती आणि तो हॉर्न वाजवून दमला. कारण त्या पानांवर सांता रुफिनाची गोष्ट होती. नेलिदाचं गाव. सरकारनं प्रांतातले साखर कारखाने एकामागून एक बंद केले तेव्हा तिथला कारखानाही गेला, आणि गावातल्या बायकांनी चौकात एक मोठं सामाईक पातेलं चढवलं. त्या पातेल्यात पळी फिरवणाऱ्यांत नेलिदाची आई होती. आई नेहमी म्हणायची, "आमच्यावर कोण लिहायला बसलंय?" आणि इथे कुणीतरी लिहिलेलं होतं. एक वाक्य तर नेलिदानं शिवणयंत्राच्या वर भिंतीला टाचून ठेवलं: 'कारखाना गेला, पण गाव गेलं नाही, ते त्या पातेल्याच्या काठाला धरून राहिलं.'

पहिल्या पानाच्या डोक्यावर हातानं लिहिलेलं होतं: ए. रेकाल्दे, ८७.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा नेलिदाला विचार करावाच लागला नाही. सांता रुफिनाचं पातेलं. तिसरं प्रकरण त्या वाक्यावर उभं केलं. डिसेंबरच्या सुट्टीआधी तोंडी परीक्षा, सभागृहात पहिल्या रांगेत आई, आणि आईच्या कानावर ते वाक्य मोठ्यानं पडणार, असं सगळं तिनं मनात शिवून, इस्त्री करून ठेवलं होतं.

मार्गदर्शक होत्या प्राध्यापिका इरामाइन. वयानं नेलिदापेक्षा लहान, नुकत्याच बाहेरून शिकून आलेल्या, हातात कायम पेन्सिल. त्यांनी कच्चा मसुदा पुढे ठेवला.

"नेलिदा, हे डॉक्टर अल्बेर्तो रेकाल्दे कोण?"

"इतिहासकार आहेत, बाई."

"कुठले?"

"सतरा नंबरचे."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पुस्तकाचं नाव?"

"ते पानावर नव्हतं."

"मग अल्बेर्तो हे नाव कुठून आलं? आणि डॉक्टर?"

"मागच्या एका प्रबंधात तसं होतं. मी म्हटलं, थोर माणूस दिसतोय, आपण कशाला त्याची पदवी कापा?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मला ह्या लेखाचं पहिलं पान हवं. लेखक, नाव, गाव, साल, सगळं. झेरॉक्स नको, मूळ. नाही मिळालं तर तिसरं प्रकरण काढून टाका."

"तिसरं काढलं तर मागे काय उरतं, बाई?"

"प्रस्तावना आणि आभार."

इतक्या वर्षांत नेलिदा ग्रंथालयात जात होती ती गारव्याला. तुकुमानच्या उन्हात ते एकच दालन थंड असायचं. पुस्तकं आत कुलपात, तिथे कुणाला प्रवेश नाही; चिठ्ठी लिहून द्यायची आणि वाट बघायची. तिनं एकही चिठ्ठी कधी लिहिली नव्हती. काउंटरवर मेद्रानो नावाचा उंच, किंचित वाकलेला माणूस बसायचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. 'येथे खाणेपिणे मना आहे' ही पाटी त्यानंच रंगवली होती, आणि तिच्याच आडोशाला थर्मास ठेवून तो दिवसभर नळीनं माटेचा कडवट चहा ओढत असायचा.

"रेकाल्दे यांचं पुस्तक हवं," नेलिदा म्हणाली.

"कुठल्या रेकाल्देंचं?"

"सत्याऐंशीच्या."

मेद्रानोनं तिच्या हातातली पानं घेतली आणि डॉक्टर एक्स-रे धरतात तशी खिडकीसमोर धरली. "सेन्योरा, ह्याला डोकं नाही, पाय नाहीत. हे पुस्तक नव्हे, हा अपघात आहे."

"पण नाव आहे की वर."

"आहे. पण नीट बघा. बाकीची अक्षरं छापील आणि नाव तेवढं पेनाचं. लेखक आपलं नाव पुस्तकावर पेनानं घालतो का? पेनानं नाव कोण घालतं?"

नेलिदाला शाळेच्या डगल्यांच्या कॉलरीच्या आतून शिवलेली नावं आठवली. "ज्याची वस्तू असते तो," ती हळूच म्हणाली.

"बसा," मेद्रानो म्हणाला, आणि आत जाऊन जुन्या प्रबंधांचा गठ्ठा घेऊन आला.

पुढचा तासभर दोघं एकेक प्रबंध उघडून त्याच्या शेवटची संदर्भसूची बघत होती. सगळ्यांत जुन्यात होतं, 'ए. रेकाल्दे, ८७.' नंतरच्यात, 'रेकाल्दे (१९८७).' त्याच्या नंतरच्या मुलीनं अल्बेर्तो हे नाव बहाल केलं होतं. तिच्या नंतरच्यानं डॉक्टर केलं. मग कुणी ब्युनोस आयरेसहून पुस्तक प्रसिद्ध करवलं, कुणी 'थोर इतिहासकार' म्हटलं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका पोरानं त्यांना 'कैलासवासी'ही करून टाकलं होतं.

"बिचाऱ्याचं सगळं आयुष्य आपल्या ग्रंथालयात गेलं," मेद्रानो म्हणाला. "जन्म, पदवी, लौकिक आणि मरण."

नेलिदा इतकी हसली की मेद्रानोला आपल्याच पाटीकडे बोट दाखवावं लागलं, जरी पाटीवर हसण्याबद्दल काही नव्हतं. मग तिचं हसू एकदम थांबलं. तिच्याही मसुद्यात तो डॉक्टर होताच.

"मी तर नुसतं आधीच्यांचं उतरवलं," ती म्हणाली.

"सगळ्यांनी तेच केलं. जे डोळ्यांनी वाचलं तेच लिहायचं, सेन्योरा. दुसऱ्यानं सांगितलेलं असेल तर तसं सांगायचं: ह्यानं त्याचं म्हणून सांगितलं, मी मूळ पाहिलेलं नाही. त्यात कमीपणा नाही."

"आमच्या शिवणकामात टाका दिसला की काम वाईट."

"इथे उलटं. टाका दिसलाच पाहिजे. कुणालाही हवं तिथे उसवून बघता आलं पाहिजे."

टेलिफोनच्या पुस्तकात रेकाल्दे बरेच निघाले. दुपारी सगळी वस्ती झोपलेली असताना नेलिदा फोनजवळ स्टूल घेऊन बसली. सेगुंदो पलंगावर आडवा होऊन छताकडे बघत होता.

"मेलेल्या डॉक्टरला फोन लावतेस? महाग पडेल."

"गप झोप."

दुपारची झोप मोडली म्हणून दोघांनी फोन आपटला. एका बाईनं आपल्या सुनेची तक्रार सांगितली. एक आजोबा म्हणाले, "हो, मीच अल्बेर्तो रेकाल्दे," तेव्हा नेलिदानं पटकन पेन उचललं. पण ते पुढे म्हणाले, "आयुष्यात मी एकच गोष्ट लिहिली, पोरी. पाणीपट्टीची तक्रार. तिचंही उत्तर आलं नाही." शेवटी एका मुलीनं सांगितलं की तिची आत्या अमालिया कधीतरी इतिहास शिकत होती, आता तिचं लोकरीचं दुकान आहे, बाजारामागच्या गल्लीत.

"तुकुमानमध्ये लोकर?" सेगुंदो उठून बसला. "ही बाई इतिहासात नापास झाली असणार."

अमालिया रेकाल्दे दुकानात पंख्यासमोर बसली होती, हातात विणकाम, मागे छतापर्यंत लोकरीचे गुंडे. नेलिदानं पानं पुढे केली. अमालियानं वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओरडलीच, "अय्या! माझं अक्षर! हे कुठं मिळालं तुम्हाला? माझ्या वर्गातल्या मारिसानं एका रात्रीसाठी म्हणून नेलं होतं. अजून परत करायचंय तिनं!"

"म्हणजे हे तुम्ही लिहिलेलं नाही?"

"मी? अहो, ह्याच विषयात मी तीनदा नापास झाले. मग म्हटलं, जाऊ दे, लोकर परवडली."

नेलिदानं तिला डॉक्टर अल्बेर्तोची सगळी कहाणी सांगितली. अमालिया विणकाम मांडीवर टाकून ऐकत राहिली, आणि कैलासवासीपर्यंत आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे पास न होताच मी डॉक्टर झाले! माझ्या आईला हे कळायला हवं होतं." तिनं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सारणाच्या एम्पानादा नेलिदापुढे सरकवल्या. "घ्या. आणि थांबा, आठवू द्या. सरांनी वर्गात एक जाड वही... नाही, वही नव्हे. पिवळ्या कव्हरचं काहीतरी होतं. वर दिव्याचं चित्र. शिक्षिका तयार करणाऱ्या कुठल्या तरी विद्यालयाचा वार्षिक अंक. मधली काही पानं तेवढी काढून घ्या म्हणाले. आम्ही रांगेत उभं राहून काढली."

"मधलीच? पुढची नाही?"

"पुढची परीक्षेला नव्हती ना!"

नेलिदा ग्रंथालयात परतली ती घामाघूम होऊन. आता तिला वाटलं, मेद्रानो आत जाऊन पिवळं पुस्तक उचलून आणेल आणि संपलं. पण त्यानं तिला पुस्तकांच्या नोंदचिठ्ठ्यांनी भरलेल्या लाकडी खणांच्या कपाटापुढे उभं केलं. "शोधा."

"सांता रुफिनाच्या सा खाली, की रेकाल्देंच्या रे खाली?"

"कशाखालीही नाही. लेखक माहीत नाही म्हणता ना? वार्षिक लेखकाच्या नावानं लागत नाही. ते स्वतःच्या नावानं लागतं, नाही तर ज्या संस्थेनं काढलं तिच्या. विद्यालयं बघा. मग सालं. कारखाना बंद व्हायच्या आधीची सालं मागायची का?"

"नाही."

"झालं. निम्मं काम इथेच वाचलं."

शिक्षिका विद्यालयं प्रांतात एकाहून जास्त होती आणि प्रत्येकाला वार्षिकाची हौस. नेलिदानं चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. शिवणाचं काम उरकून ती रोज दुपारी यायची. खंड बाहेर येई, ती आधी शीर्षकपान उतरवून घेई, मग अनुक्रमणिका वाची. पहिल्या आठवड्यात तिनं एका उपयोगी लेखातून भराभर टिपणं काढली आणि पान क्रमांक लिहायलाच विसरली. खंड आत गेल्यावर लक्षात आलं. ती काउंटरवर गेली. मेद्रानोनं नवी कोरी चिठ्ठी पुढे केली. त्यानंतर ती क्रमांक आधी लिहायची, टिपण मागाहून.

गंमत म्हणजे तिला त्यात गोडी लागली. एका वार्षिकात मुलींनी काढलेले गुलाब होते, एकात साखरेच्या पाकाच्या पाककृती, एकात कुणा शिक्षिकेनं डोंगरातल्या शाळेला खेचरावरून जाताना नदी ओलांडल्याची हकिगत. संध्याकाळी घरी ती सेगुंदोला सांगायची. तो म्हणायचा, "तुझा डॉक्टर सापडो न सापडो, मला ती खेचराची बाई आवडली. तिचं पुढं काय झालं?"

"पुढच्या वर्षीच्या अंकात असेल."

"मग मागव की!"

आणि एके दिवशी पिवळं कव्हर आलं. उन्हानं विटलेलं, वर दिवा. नेलिदानं अनुक्रमणिका उघडली, बोट खाली नेलं आणि ते थांबलं. 'सांता रुफिनाचे पातेले. तेओदोलिंदा साराबिया, शिक्षिका.' पान एकेचाळीस.

"सापडली!" ती ओरडली. वाचणारी सगळी पोरं वळली. मेद्रानोनं ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट काढून घेऊन स्वतःच धावत आला.

तीच पानं. पण इथे अक्षरं सुबक होती, समास पांढरे होते, आणि ते वाक्य बावन्नाव्या पानाच्या तळाशी स्वच्छ उभं होतं. झेरॉक्स इथेच संपत होता. नेलिदानं सवयीनं पान उलटलं.

त्रेपन्नाव्या पानावर साराबियाबाईंनी लिहिलं होतं: 'इथवर लिहिले ते मला गावाबाहेरून दिसले तसे. मग एक दिवस मी त्या पातेल्यापाशी बटाटे सोलायला बसले आणि माझे हे वाक्य बायकांना वाचून दाखवले. त्या पोट धरून हसल्या. एक म्हणाली, गाव धरून कुठले राहिले, बाई? निम्मे तर गेलेही. दुसरी म्हणाली, पातेल्यापाशी आम्ही जेवायला जमत नाही, जायचे ठरवायला जमतो.' आणि पुढे तीन पानं तेच होतं. कोण आधी जाणार, कुणाच्या घरी उतरणार, कुणाची पोरं कुणापाशी ठेवणार, वाटेसाठी भाकरी कोण भाजणार. पातेल्यानं गाव धरून ठेवलं नव्हतं. पातेल्यानं गावाला नीट मार्गी लावलं होतं. बोलणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव मात्र लेखात नव्हतं. 'एक म्हणाली', 'दुसरी म्हणाली', एवढंच.

नेलिदा खुर्चीत मागे टेकली. तिचं तिसरं प्रकरण, भिंतीवरचं वाक्य, आईसाठी इस्त्री करून ठेवलेलं सगळं, उलटं झालं होतं.

तुचोकडे ती लेखाची पानं काढायला गेली तेव्हा त्यानं तिचा चेहरा बघून विचारलं. तिनं सांगितलं. तो यंत्राचं झाकण आपटत म्हणाला, "मालकीणबाई, ऐका माझं. बाईंना लेखिका हवी होती, मिळाली. साल हवं होतं, मिळालं. पान एकेचाळीस ते बावन्न असं लिहा आणि मोकळ्या व्हा. त्रेपन्न कुणी बघितलंय? इतक्या वर्षांत एकानं तरी बघितलं?"

"मी बघितलं ना."

"मग विसरा!"

"तूच बघ, तुचो. डगल्याची एक बाही आखूड झाली, तर काय पोराला सांगू, हात खिशात घालून फीर?"

"डिसेंबर जाईल हातचा."

"जाईल," नेलिदा म्हणाली, आणि पानं पिशवीत घातली. आईचे पाय सुजायला लागले होते. पुढची तोंडी परीक्षा थेट मार्चमध्ये; तेव्हा तिला शहरात आणता येईल की नाही, कोण सांगणार?

प्राध्यापिका इरामाइन त्रेपन्नावं पान दोनदा वाचून म्हणाल्या, "आता तुमच्याकडे खरा विषय आहे. पण नव्यानं लिहावं लागेल. मार्च."

"माहीत आहे, बाई."

"आणि एक विचारू? तुमच्या आई त्या पातेल्यापाशी होत्या म्हणता. तुम्ही त्यांना कधी विचारलंत, तिथे काय व्हायचं?"

नेलिदानं भिंतीवर वाक्य टाचलं होतं, पण आईला मात्र कधी विचारलं नव्हतं.

सांता रुफिनात नेलिदाची आई, फोर्तुनाता आजी, दारात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. नेलिदानं उसना आणलेला टेपरेकॉर्डर बाकावर ठेवला.

"हे काय? खटला भरतेस माझ्यावर?"

"पातेल्याचं सांग, आई."

"काय सांगायचं त्यात? भोपळा, मका, असला तर बैलाचा पाय."

"ते नाही. तिथं काय ठरायचं?"

म्हातारीनं कणीस खाली ठेवलं. लेकीकडे जरा निरखून बघितलं. "जायचं ठरायचं," ती म्हणाली. "कोण कुणाबरोबर. एकट्या पोरीला आम्ही पाठवत नव्हतो. बासिलियाची थोरली गेली तेव्हा तिच्याबरोबर आम्ही रोमेरोचा पोरगा दिला. नुसता सोबतीला हं. लग्न त्यांनी आपल्या मनानं केलं." आणि मग ती जी सुरू झाली ती कणसं तशीच राहिली. नावांमागून नावं. कोण कुठे उतरलं, कुणी परत आलं, कुणाचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवायचे. नेलिदानं मधेच विचारलं, "आई, एक शिक्षिका येऊन बसली होती का, बटाटे सोलायला?"

"ती होय! इतक्या जाड साली काढायची की बटाट्याचा चेंडू व्हायचा. गोड होती पण. काहीतरी वाचून दाखवलं तिनं आणि आम्ही हसलो बिचारीला."

"हसलं कोण कोण?"

आजींनी बोटांवर मोजत सहा जणींची नावं सांगितली. मग दरडावून म्हणाल्या, "माझं लिहिशील ना, पूर्ण लिही. फोर्तुनाता मेर्सेदेस बासान. नवऱ्याचं आडनाव लावू नकोस. तो पातेल्याकडे फक्त ताट घेऊन यायचा."

आईचं नाव संदर्भसूचीत कसं घालायचं हे मेद्रानोनं दाखवलं: आडनाव, नाव, मुलाखत, गाव, तारीख. साराबियाबाईंच्या वरच. बासान आधी येतं म्हणून.

मार्च आला. तोंडी परीक्षेच्या दिवशी आईला आणायला सेगुंदोनं मित्राची मोटार मिळवली. आजी पहिल्या रांगेत, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, हातात पंखा घेऊन बसल्या. मागे वर्गातली पोरं, मेद्रानो, तुचो, आणि तिसऱ्या रांगेत विणकामासकट अमालिया.

नेलिदा बोलली ती ओठ हलवून, मोठ्यानं. परीक्षकांत एक वयस्क प्राध्यापक होते, डॉक्टर उगारिसा, प्रेमळ आणि जरा कान जड असलेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "सेन्योरा, उत्तम. पण एक मोठी उणीव राहिली. ह्या विषयावर रेकाल्दे यांचं मत अगदी वेगळं आहे. मी स्वतः वर्गात इतकी वर्षं त्यांचा दाखला देत आलो. तुम्ही त्यांचा नामोल्लेखही केला नाहीत."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. इरामाइनबाई कागदांकडे बघू लागल्या.

"सर," नेलिदा म्हणाली, "रेकाल्दे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत."

अमालिया उठून उभी राहिली. लोकरीचा गुंडा घरंगळत बाकाखाली गेला. नेलिदानं मग शांतपणे, कुणाचंही नाव न घेता, झेरॉक्सवरचं पेनाचं अक्षर, त्याचा झालेला डॉक्टर, कुणीच न उलटलेलं पान, सगळं सांगितलं. "मीही त्यातलीच, सर. माझ्या पहिल्या मसुद्यात ते डॉक्टरच होते."

म्हाताऱ्या प्राध्यापकांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, अमालियाकडे नीट बघितलं. "रेकाल्दे... मी तुम्हाला कधी नापास केलं होतं का?"

"तीनदा, सर."

सगळ्यांच्या आधी तेच हसले, आणि मग कुणालाच थांबवता येईना. निकालाला परीक्षक बाहेर गेले तसे लगेच आत आले. उत्तीर्ण, विशेष गुणवत्तेसह.

दारात पोरं टपून बसलेलीच होती. नेली मावशीनं पाऊल बाहेर टाकलं आणि तिच्यावर अंडी, पीठ, लाल सॉस यांचा वर्षाव सुरू झाला, तिथल्या रीतीप्रमाणे पदवी मिळालेल्या कुठल्याही विशीतल्या पोरीवर व्हावा तसा. खास शिवलेला निळा झगा ओळखू येईना. तुचोनं टाळूवर बरोबर एक अंडं फोडलं. "हे त्रेपन्नाव्या पानासाठी, मालकीणबाई!" सेगुंदो लांब उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि म्हणत होता, "गाडी उसनी आहे, गाडीजवळ येऊ नकोस!"

फोर्तुनाता आजींना कुणीतरी हात धरून पायऱ्यांपर्यंत आणलं होतं. त्यांनी अंड्यांची नासाडी बघून च्च् च्च् केलं, मग पिठानं माखलेल्या लेकीला जवळ बोलावलं आणि हातरुमालानं तिचा एक डोळा तेवढा पुसला.

"सगळं खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "नावंही बरोबर होती. पण मिठाचं राहिलं."

"कसलं मीठ?"

"पहिल्या दिवशी पातेलं चढवलं, सगळं घातलं आणि मीठच नाही. कारखानदाराच्या बंगल्यातल्या स्वयंपाकिणीनं रात्री भिंतीवरून पुरचुंडी टाकली. रोज टाकायची. मालकाला शेवटपर्यंत पत्ता नाही."

"आई! हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू काय ठरायचं ते विचारलंस, मीठ कुठं विचारलंस?"

नेलिदानं झग्याचे दोन्ही खिसे चाचपले, दोन्हींत पीठ. तिनं मागे वळून हात पुढे केला, तेव्हा मेद्रानोनं न विचारता तिच्या चिकट बोटांत आपलं पेन दिलं.

"तिचं नाव काय होतं, आई?"

"सांगते," आजी म्हणाल्या. "आधी मला सावलीत बसव."